बीजगणिताची घाई

मंडळी, आज विषय गणिताचा आहे. मी आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवलेली बाई. त्यामुळे माझ्याकडून गणितावर काही ऐकायचं म्हणजे स्वयंपाक्याकडून सुतारकामाचा सल्ला घेतल्यासारखंच. पण गेली दोन-तीन वर्षं आमच्या घरात या विषयावरून इतकं बोलणं झालं आहे, की ते एकदा लिहून काढावंसं वाटलं. शिवाय नात्यातल्या आणखी तीन-चार घरांत, अर्थात अमेरिकेतल्या, हीच वेळ आता येऊ घातली आहे आणि फोनवर तेच तेच सांगून मी दमले आहे!

आधी प्रकरण काय आहे ते सांगते. आपल्याकडे दहावीपर्यंत सगळ्यांना गणित एकच. बालभारतीचं पुस्तक एक, भाग १ आणि भाग २. दहावीला वर्गसमीकरणं, अंकगणिती श्रेढी, त्रिकोणमिती... हुशार असो की ढ, सगळे एकाच बाकावर. फाटा फुटतो तो दहावीनंतर, सायन्स-कॉमर्स-आर्ट्सचा. तिकडे तसं नाही. तिकडे गणिताची एक शिडी असते. अल्जिब्रा वन, मग जॉमेट्री, मग अल्जिब्रा टू, मग प्रीकॅल्क्युलस, मग कॅल्क्युलस. एका वर्षाला एक पायरी. आता हिशेब करा. पहिली पायरी नववीत चढलात तर बारावीला प्रीकॅल्क्युलसवर पोचता. आठवीत चढलात तर बारावीला कॅल्क्युलस. सातवीतच चढलात तर अकरावीत कॅल्क्युलस संपतं आणि बारावीला जवळच्या कम्युनिटी कॉलेजात जाऊन त्याच्याही पुढचं गणित करता येतं. म्हणजे अठराव्या वर्षी कुठे असायचं, ते अकरा-बारा वर्षांच्या पोरानं (म्हणजे त्याच्या आईबापांनी) ठरवायचं. याला तिकडे 'पाथवे' म्हणतात. आमच्या मुलाच्या गावात लोक 'लेन' म्हणतात, रस्त्यावर असते तशी.

मी २०२३ च्या एप्रिलमध्ये मुलाकडे गेले. सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला राहतो तो. नात तेव्हा सहावी संपवत होती आणि सातवीला कोणती लेन घ्यायची, याची मेमध्ये परीक्षा होती. तीन वाटा होत्या. एक, साधं सातवीचं गणित. दुसरी, सातवी-आठवीचं गणित एकाच वर्षात दाबून बसवलेला वर्ग, म्हणजे आठवीला अल्जिब्रा वन. आणि तिसरी, सातवी-आठवी दोन्ही सोडून देऊन एकदम अल्जिब्रा वन. या तिसरीसाठी वेगळी परीक्षा.

घरातलं वातावरण असं, की मला वाटलं कुणाचं ऑपरेशन आहे.

संध्याकाळी मी बागेत फिरायला जायची. तिथे आपल्यासारख्या आजी-आजोबांचा कट्टा असतो. तेलुगू, तमिळ, गुजराती, दोन मराठी, एक चिनी आजोबा जे फक्त हसून मान डोलवायचे. पूर्वी अशा कट्ट्यांवर गुडघे आणि व्हिसा हे दोन विषय असायचे. त्या मे महिन्यात तिसरा आला. "तुमची कुठल्या लेनमध्ये?" एका आजोबांचा नातू आठवड्यातून दोनदा कुमॉनला, शनिवारी रशियन मॅथला आणि रविवारी एएमसी एटच्या तयारीला जायचा. (कुमॉन हे मुळात एका जपानी गणित शिक्षकाने १९५४ मध्ये स्वतःच्या मुलासाठी हाताने लिहून काढलेल्या गणितांतून सुरू झालं. बापाने लेकासाठी रोज एक कागद लिहायचा, यात काय गोडवा आहे! आता त्या कागदांचं काय झालंय, ते जाऊ दे.)

तो नातू एकदा कट्ट्यावर आला होता. गोड पोरगा. आजोबा म्हणाले, विचारा याला काहीही. मी सहावीला गणित शिकवलं आहे हो, शिक्षक कमी पडले की भाषेच्या बाईंच्या गळ्यात गणित पडायचंच. तेव्हाचं माझं आवडतं गणित घातलं. चार माणसं एक भिंत सहा दिवसांत बांधतात, तर तीच भिंत तीन माणसं किती दिवसांत बांधतील? पोराने क्षणात सांगितलं, साडेचार. आडवातिडवा गुणाकार करून मोकळा झाला. मी म्हटलं, बाळा, माणसं कमी झाली आणि काम लवकर संपलं? तो थांबला. मग त्याचे कान लाल झाले आणि म्हणाला, "ओह. एट." आठ, बरोबर. व्यस्त त्रैराशिक. पोरगा हुशारच होता, त्यात शंका नाही, चूक कुठे झाली ते त्याचं त्याला कळलं. पण त्याला थांबायची सवयच कुणी लावली नव्हती.

आता मुलाची बाजू सांगते, नाहीतर तो म्हणेल, आई एकतर्फी लिहिते. त्याचं म्हणणं असं, की इथे सगळे पुढे पळत असताना आपण चालत राहिलो तर ते मागे राहणंच झालं. चांगल्या कॉलेजांत इंजिनिअरिंगला अर्ज करणारी बहुतेक मुलं कॅल्क्युलस करून आलेली असतात, हे खोटं नाही. त्याने मला वाचूनही दाखवलं, की जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ज्युलियन स्टॅन्ली नावाच्या प्राध्यापकांनी १९७१ मध्ये गणितात विलक्षण गती असलेल्या मुलांचा अभ्यास सुरू केला, त्या मुलांना वयाच्या पुढचं शिकवलं, पुढे कित्येक दशकं त्यांचा माग ठेवला गेला आणि त्या मुलांचं लवकर शिकल्यामुळे वाईट झालं नाही, उलट बरंच भलं झालं. मी म्हटलं, खरंच असेल. पण ती निवडून काढलेली मुलं होती. तुझी लेक त्यांतली आहे का, हा प्रश्न त्या अभ्यासाने सुटत नाही.

सूनबाईचं म्हणणं वेगळं. ती स्वतः सांगलीची इंजिनिअर, गणितात शंभरपैकी शंभरवाली. ती म्हणाली, "आई, मला सगळं येत होतं आणि मला त्यातलं काही आवडत नव्हतं. तिचं तसं नको व्हायला." यावर मुलाकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं.

याच सुमाराला तिथल्या वर्तमानपत्रांत गणितावरून रणधुमाळी चालली होती. गणितावरून! आपल्याकडे साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून होते तशी. झालं होतं असं, की कॅलिफोर्नियात १९९७ च्या अभ्यासक्रमापासून सगळा रोख होता आठवीत बीजगणित आणण्याकडे. ते न झेपणारी मुलं खूप, आणि त्यांत काळ्या आणि लॅटिनो वस्त्यांतली जास्त. मग २०१० मध्ये 'कॉमन कोअर' नावाचा नवा अभ्यासक्रम स्वीकारला. त्यात आठवीच्या साध्या गणितातच रेषीय समीकरणं, आलेख, एकसामयिक समीकरणं आली. म्हणजे नावाला बीजगणित नाही, पण आत बरंचसं तेच. ते पाहून सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी शाळांनी २०१४ पासून ठरवलं, की आठवीत अल्जिब्रा वन कुणालाच नाही. सगळे नववीत, सगळे एकत्र. हेतू चांगला. हुशार-ढ असे शिक्के अकराव्या वर्षी बसू नयेत, हा. वाचून माझ्यातल्या शिक्षिकेला बरं वाटलं.

पण पालक काय ऐकतात? ज्यांच्याकडे पैसे होते त्यांनी बाहेर क्लास लावले, ऑनलाइन कोर्स केले, कुणी मुलांना एकाच वर्षात दोन-दोन गणितं घ्यायला लावली, कुणी खाजगी शाळेत हलवलं. ज्यांच्याकडे नव्हते त्यांची मुलं नववीची वाट बघत बसली. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी तपासलं तेव्हा वरच्या गणितात पोचणाऱ्या मुलांमधली वंशावंशांतली दरी होती तशीच होती. शेवटी मार्च २०२४ मध्ये हा प्रश्न चक्क मतपत्रिकेवर आला. बंधनकारक नव्हता, नुसता सल्ला, पण शंभरातल्या ऐंशीहून अधिक मतदारांनी सांगितलं, आठवीतलं बीजगणित परत आणा. आणि काही शाळांतून ते परत आलंही. आणि मी तिथे असतानाच, जुलै २०२३ मध्ये, सगळ्या राज्याची गणिताची नवी चौकट मंजूर झाली. तिच्या २०२१ च्या पहिल्या मसुद्यात पुढे पळवण्याविरुद्ध बरंच कडक लिहिलं होतं, म्हणे, पण ओरड झाल्यावर ते पुष्कळ मवाळ झालं. प्रत्येक गावाने आपापलं ठरवायला मोकळीक. म्हणजे पुन्हा आपलं आपण.

मुलाच्या घरी ग्रंथालयातून आणलेलं एक पुस्तक पडलं होतं, 'रॅडिकल इक्वेशन्स'. बॉब मोझेस यांचं, २००१ सालचं. शब्दकोश शेजारी घेऊन मी ते वाचलं. महिना लागला. हा माणूस मूळचा गणिताचा शिक्षक. साठच्या दशकात मिसिसिपीत जाऊन काळ्या लोकांची मतदार म्हणून नोंदणी करण्यासाठी मार खाल्ला, तुरुंगात गेला. नंतर काही वर्षं टांझानियात गणित शिकवलं. परत आल्यावर त्याची मुलगी आठवीत गेली आणि त्या शाळेत आठवीला बीजगणितच नव्हतं. बाप म्हणाला, मी शिकवतो. शिक्षिकेने सांगितलं, मग वर्गात येऊनच शिकवा, आणखी दोन-तीन मुलं आहेत. त्यातून १९८२ मध्ये 'अल्जिब्रा प्रोजेक्ट' उभं राहिलं. त्याचं म्हणणं सरळ होतं. पूर्वी मताचा अधिकार नसलेला माणूस जसा बाहेर राहिला, तसा आता बीजगणित न आलेला माणूस बाहेर राहणार. २०२१ मध्ये तो वारला.

हे वाचताना मला आमच्या शाळेतला एक दिवस आठवत राहिला.

आमच्या वेळी अकरावी मॅट्रिक होती. वाईजवळच्या आमच्या गावातल्या शाळेत सातवी झाली की विचारायचे, वरचं गणित घेणार की खालचं? वरचं म्हणजे बीजगणित आणि भूमिती. खालचं म्हणजे नुसतं अंकगणित. व्याज, नफा-तोटा, कामकाळ-वेग. मला सातवीला गणितात वर्गात दुसरे मार्क होते. हेडमास्तरांनी रजिस्टर उघडलं, मुलांना एकेक करून विचारलं आणि मुलींना विचारलंच नाही. आम्हा सहाही मुलींच्या नावापुढे आधीच 'अं.' लिहिलेलं होतं. मी घरी येऊन वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, बरंच झालं, उगाच डोक्याला ताप कशाला. वाईट माणूस नव्हता हो तो. मला कॉलेजला पाठवण्यासाठी पुढे भावकीशी भांडला. पण त्या दिवशी त्या एका अनुस्वाराच्या अक्षराने माझ्या सायन्सचा, म्हणजे डॉक्टर-नर्स-शास्त्राची शिक्षिका, जे काय झालं असतं त्याचा, दरवाजा बंद झाला. मला मराठी आवडायचंच, त्यामुळे आयुष्य वाया गेलं वगैरे काही नाही. पण शेजारच्या वर्गात मुलांना फळ्यावर क्ष आणि य शिकवताना ऐकू यायचं, आणि मला वाटायचं, हे क्ष म्हणजे आहे तरी कोण?

म्हणून मुलगा जेव्हा म्हणायचा, "आई, दार बंद व्हायला नको," तेव्हा मी त्याला सहज उडवून लावू शकत नव्हते.

आणि दुसरीकडे माझा धाकटा भाऊ. (हे तो वाचणारच आहे. वाच बाबा.) त्याला दुसरीतून एकदम चौथीत टाकलं होतं. तेव्हा त्याला डबल प्रमोशन म्हणायचे आणि गावात पेढे वाटायचे. तिसरीत जे लांब भागाकार घोटून घेतात ते त्याचे राहिले. आमच्या आत्याने पावकी, निमकी, पाऊणकी, अगदी औटकीपर्यंत तोंडपाठ करून घेतली म्हणून तो तरला. पण वर्गात सगळ्यांत लहान. कबड्डीत त्याला कुणी घ्यायचं नाही. मॅट्रिकपर्यंत त्याला मित्र असा नव्हताच, तो माझ्या मैत्रिणींच्यात बसायचा. आता यावरून मी निष्कर्ष काढणार इतक्यात तोच मला फोनवर म्हणाला, "ताई, तू माझं नेहमी वाईटच सांगतेस. अण्णा आजारी पडले तेव्हा मी एक वर्ष आधी कारखान्यात हिशेबाला लागलो, त्या वर्षाच्या पगारावर घर चाललं. ते कुठून आलं असतं?" तेही खरंच. मी गप्प बसले.

तर परीक्षा. तिसऱ्या वाटेची, सातवी-आठवी दोन्ही सोडायची. नात जाऊन आली. दोन आठवड्यांनी निकाल आला, पास. अगदी काठावर, पण पास. मुलाने ऑफिसातून फोन केला, येताना आइस्क्रीम आणलं. नातीने आइस्क्रीम खाल्लं आणि मग शांतपणे म्हणाली, "बाबा, दोन उत्तरं मी गेस केली होती."

मुलगा म्हणाला, सगळेच करतात.

मला त्या पोरीचं इतकं कौतुक वाटलं म्हणून सांगू! पण बोलले नाही. आजीने अशा वेळी ताटं उचलावीत हे बरं.

दुसऱ्या दिवशी ती आणि मी दोघीच होतो. सकाळी दूध तापवताना मी तिला विचारलं, पाऊण भागिले अर्धा किती गं? तिने हवेत बोटाने उलटंपालटं करून सांगितलं, थ्री बाय टू. म्हटलं, म्हणजे काय? "म्हणजे... थ्री बाय टू." मग मी तिच्यासमोर पाऊण लिटर दूध ठेवलं आणि अर्ध्या लिटरचं एक भांडं. किती भांडी भरतील? ती बघत राहिली. "एक... आणि अर्धं. ओह, दीड!" मग म्हणाली, "आजी, हे मला दोन वर्षांपूर्वी शिकवलं होतं, पण तेव्हा हे दूध नव्हतं." मी अक्षरशः तिचे शब्द लिहीत आहे. तिचं मराठी असंच आहे, छान आहे.

त्यातून तिला काय वाटलं कोण जाणे, पण संध्याकाळी तिनेच आईला यादी करून दिली. तिसरी वाट घेतली तर आठवीत जॉमेट्रीसाठी सकाळी हायस्कूलमध्ये जावं लागणार आणि त्याच वेळी ऑर्केस्ट्रा, म्हणजे व्हायोलिन सुटणार. तिच्या वर्गातल्या तिच्या मैत्रिणी दुसऱ्या वाटेत. आणि शेवटचं, सातवी-आठवीच्या गणितात काय आहे ते तिला बघायचं आहे. 'बघायचं आहे', गाव बघायचं असतं तसं.

यावर चार दिवस घरात चर्चा झाली. चर्चा म्हणजे मुलगा बोलायचा, सून ऐकायची, मग सून बोलायची, मुलगा लॅपटॉप उघडायचा. त्याने कुठूनतरी अमेरिकेतल्या गणित शिक्षकांच्या आणि गणितज्ञांच्या दोन संघटनांचं २०१२ चं संयुक्त निवेदन काढलं. मला वाटलं आता हा आपल्या बाजूने वाचणार. तर त्यात उलटंच निघालं. शालेय गणिताचं ध्येय बारावीपर्यंत कॅल्क्युलस उरकणं हे नसून पाया पक्का करणं हे आहे, अशा अर्थाचं. बिचाऱ्याने ते प्रामाणिकपणे मोठ्याने वाचलं आणि म्हणाला, "पण कॉलेजच्या अर्जात पाया पक्का असं लिहायला रकाना नाही ना." हे मात्र त्याचं बरोबर आहे.

मला विचारलं तेव्हा मी एवढंच म्हटलं. दुसरी वाट ही काही बंद दार नव्हे, तीही बारावीला कॅल्क्युलसवर पोचतेच. माझ्या वेळी पुढे कधीच मागे वळून क्ष-य करता येत नव्हतं. इथे उन्हाळ्यात कोर्स करून लेन बदलता येते. ज्या पोरीला पुढे पळायचं असेल तिला अडवू नका, आणि जिला बघत जायचंय तिला ढकलू नका. मुलगा म्हणाला, तू शिक्षिका आहेस म्हणून असं म्हणतेस. मी म्हटलं, मग आणखी कोणी म्हणायचं?

दुसरी वाट घेतली. मुलगा आठवडाभर घुम्यासारखा होता.

पुढे काय झालं ते सांगते, कारण ते एका साच्यात बसत नाही. शेजारची तिची मैत्रीण, तेलुगू कुटुंबातली, तिने तिसरी वाट घेतली आणि ती तिथे मजेत आहे. आता दोघी दहावीत आहेत. मैत्रीण प्रीकॅल्क्युलस करते, सुट्टीत मौजेखातर गणितं सोडवते आणि तिला कुणी ढकललेलं नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. अशी मुलं असतात. त्यांना अडवणं हा अन्यायच, आणि सॅन फ्रान्सिस्कोतल्या पालकांचं म्हणणं मला तिच्याकडे बघून पटतं. कट्ट्यावरच्या आजोबांचा तो साडेचारवाला नातू, त्यानेही तिसरी वाट घेतली होती. त्याला डिसेंबरात झेपेना, आठवीला त्याने अल्जिब्रा वन पुन्हा केलं. आजोबा पुढच्या खेपेला कट्ट्यावर आलेच नाहीत, म्हणे. आता यात आजोबांनी तोंड लपवण्यासारखं काय आहे? पोरगा आता चांगला चालला आहे असं सून सांगते.

आमची नात दहावीत अल्जिब्रा टू करते. जॉमेट्रीत तिला 'बी' मिळाला होता. मुलाच्या मनातून अजून गेलेलं नाही. येत्या उन्हाळ्यात कम्युनिटी कॉलेजात प्रीकॅल्क्युलस उरकून घ्यावं का, असा विषय तो दर महिन्याला काढतो. ती म्हणते, बघू. व्हायोलिन चालू आहे. पुढे काय करायचं ते तिला ठाऊक नाही, मध्येच समुद्री जीवशास्त्र म्हणते, मध्येच पत्रकारिता. सूनबाईला तिच्या या 'बघू'ची हल्ली थोडी काळजी वाटायला लागली आहे. म्हणजे दोघांच्या जागा बदलत आहेत की काय, असं मला इथे साताऱ्यात बसून वाटतं.

आणि आता माझी गंमत. २०२३ मध्ये परत आल्यावर मी बालभारतीच्या संकेतस्थळावरून आठवीचं गणिताचं पुस्तक उतरवून घेतलं. मग नववीचा भाग १. आता दहावीचा भाग १ चालू आहे. दर रविवारी सकाळी साडेआठला, तिकडे तेव्हा शनिवारची रात्र असते, नात व्हिडिओवर येते आणि अर्धा तास मला शिकवते. ती 'एक्स' म्हणते, मी 'क्ष' म्हणते. बीजगणित सोपं नाही हो. चुका होतात, वह्या भरतात. बहात्तर वर्षांच्या वर हातचे विसरायला होतात. पण समीकरण सुटलं, ताळा जुळला, की जे वाटतं ते साठ वर्षांपूर्वी शेजारच्या वर्गातून ऐकू येत होतं, तेच आहे.

मागच्या रविवारी वर्गसमीकरण पूर्ण वर्ग करून सोडवायचं होतं. क्षचा वर्ग अधिक सहा क्ष बरोबर सोळा. मला कळेना, की दोन्हीकडे नऊ का मिळवायचे. नातीने कागदावर चौकोन काढला, क्ष बाजूचा. त्याला उजवीकडे एक तीन रुंदीची पट्टी लावली, खाली दुसरी तशीच. "आता बघ आजी, कोपऱ्यात काय कमी आहे?" मी म्हटलं, अगं ही तर गोधडी! कोपऱ्याला तीन बाय तीनचा तुकडा लावायचा राहिलाय. "हां, तोच नऊ!" नऊ लावला, झाले पंचवीस, म्हणजे पूर्ण गोधडीची बाजू पाच, म्हणजे क्ष दोन. मी खूश. एवढ्यात ती म्हणाली, अजून एक उत्तर आहे, उणे आठ.

उणे आठ लांबीचं कापड कसं असेल, ते ती या रविवारी सांगणार आहे. मुलगाही मागे येऊन उभा होता, तो सांगायला लागला तर तिने त्याला हाताने गप्प केलं.